अप्पासाहेब भोसले : वीर की अपराधी?

नागपूरहून इटारसीकडे जाणारी आगगाडी पांढुर्णा सोडून तिगावास आली की पुढे घाट लागतो. सपाट रान आणि संत्र्यांच्या बागा मागे पडतात, चिचोंड्याकडे चढण सुरू होते आणि वर गेल्यावर तापीचे उगमस्थान मुलताई येते. खालचा मुलूख २०२३ सालापासून पांढुर्णा जिल्ह्यात मोडतो, वरचा बैतूल जिल्ह्यात. पण हा घाट एके काळी याहून मोठी सीमा होता. १८१८ नंतर मुलताई-बैतूलचा मुलूख इंग्रजांच्या कंपनी सरकारकडे गेला, आणि घाटाखालचा पांढुर्णा-सौंसरचा मुलूख १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या नावावर राहिला. ज्या माणसाच्या करणीने ही वाटणी झाली, त्याचे नाव मुधोजी ऊर्फ अप्पासाहेब भोसले.

या अप्पासाहेबांविषयी आपल्याकडे दोन तऱ्हांनी बोलले जाते. काहींच्या मते ते इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलणारे या भागातील पहिल्या वीरांपैकी एक. दुसऱ्यांच्या मते गादीसाठी चुलतभावाचा जीव घेणारे, शब्द मोडणारे आणि ऐन वेळी सैन्याला वाऱ्यावर सोडून शत्रूच्या छावणीत जाऊन बसणारे. दोन्ही बाजूंजवळ पुरावा आहे, म्हणूनच हे चरित्र पुन्हा एकदा नीट पाहण्याजोगे वाटते. नाटकात नायक कोण आणि खलनायक कोण हे पहिल्या अंकातच कळते. माणसांच्या बाबतीत ते तितके सोपे नसते.

अप्पासाहेबांचा जन्म १७९६ सालचा. नागपूरचे राजे दुसरे रघूजी हे त्यांचे चुलते; वडील व्यंकोजी हे रघूजींचे धाकटे बंधू. रघूजींनी १८०३ साली शिंद्यांच्या बरोबरीने इंग्रजांशी युद्ध केले आणि अडगाव व गाविलगड येथे मार खाल्ला. डिसेंबरात देवगावचा तह झाला. कटकचा प्रांत गेला, वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड गेले. राज्याचे उत्पन्न एकाएकी घटले. तेव्हापासून रघूजी पैशाला असे जपू लागले की लोक त्यांना थोरला बनिया म्हणू लागले. रयतेकडून मिळेल तेथून पैसा काढण्याकडे त्यांचा कल होता आणि त्यात गावेच्या गावे पिळली गेली. परंतु एक गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत केली नाही. इंग्रजांची तैनाती फौज त्यांनी आपल्या राज्यात येऊ दिली नाही. वाचकांपैकी तरुणांसाठी सांगावयाचे तर तैनाती फौज म्हणजे आपल्या खर्चाने आपल्याच राजधानीजवळ ठेवलेले इंग्रजांचे सैन्य. ते रक्षण करते असे म्हणावयाचे. पण त्या बदल्यात इतर राज्यांशी बोलणी करण्याचा हक्क गमवावा लागे, आणि ज्याचे सैन्य दाराशी त्याचेच घरात चाले. निजाम आणि पेशवे यांनी ही फौज स्वीकारली होती. थोरल्या बनियाने स्वीकारली नाही.

२२ मार्च १८१६ रोजी रघूजी वारले. त्यांचा मुलगा परसोजी चाळिशीकडे झुकलेला, पण आंधळा, पक्षाघाताने जर्जर आणि बुद्धीनेही अधू. राज्य चालविणे त्याच्या हातून होणारे नव्हते, तेव्हा त्याच्या नावाने राज्य कोणी चालवावयाचे हा प्रश्न उभा राहिला. एका बाजूला रघूजींची राणी बाकाबाई, खजिना ज्याच्या ताब्यात होता तो रघूजींचा दासीपुत्र धर्माजी, आणि रघूजींचे भाचे गुजाबादादा गुजर. दुसऱ्या बाजूला पुतणे अप्पासाहेब, वय वीस. परसोजीनंतरचा सर्वांत जवळचा पुरुष वारस तेच, त्यामुळे त्यांचा हक्क खोटा नव्हता. आणि बाकाबाईच्या पक्षाच्या हाती सत्ता गेली तर आपण जिवंत राहू की नाही ही त्यांची भीतीही खोटी नव्हती. भोसल्यांच्या वाड्यात अशी भीती बाळगायला पुरेशी कारणे होती.

एप्रिलमध्ये अप्पासाहेबांनी धर्माजीला पकडले आणि परसोजीच्या नावाने स्वतः मुखत्यारी घेतली. मे महिन्याच्या सुरुवातीस धर्माजीला कैदेतच ठार मारण्यात आले. पकडलेल्या माणसाला मारण्यात कसला पराक्रम? ज्यांना अप्पासाहेब निव्वळ वीर वाटतात त्यांनी हा धर्माजी विसरू नये. पुढे परसोजीच्या मृत्यूविषयी वाद आहे, धर्माजीविषयी नाही.

त्याच महिन्याच्या अखेरीस, २७ मे १८१६ च्या रात्री, अप्पासाहेबांनी इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याच्याबरोबर तह केला. नागोपंत आणि नारायण पंडित या दोघांनी मध्यस्थी केली. थोरल्या बनियाने तेरा वर्षे दाराबाहेर ठेवलेली तैनाती फौज त्याच्या मृत्यूनंतर दोन महिने पाच दिवसांत आत आली. खर्च वर्षाला साडेसात लाख रुपये. हे काम गुपचूप झाले. दरबाराला त्याचा पत्ता नंतर लागला. अप्पासाहेबांना बाकाबाईच्या पक्षाविरुद्ध आधार हवा होता, आणि जेंकिन्सला नागपूर हवे होते. एकाने वर्षभराच्या निश्चिंतीसाठी जे दिले ते दुसऱ्याने कायमचे घेतले. पुढल्या दोन वर्षांत जे रक्त सांडले त्याचे मूळ माझ्या मते या रात्रीत आहे. सीताबर्डीच्या टेकडीवर जे गेले ते येथेच गेले होते.

१ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी अंथरुणात मेलेला आढळला. अप्पासाहेब त्या वेळी नागपुरात नव्हते. काही दिवसांपूर्वीच ते चांद्याला गेले होते. शहरात कुजबुज झाली की आजार निमित्त, राजाला मारले आहे. ही कुजबुज जेंकिन्सच्या कानी गेली नसेल असे म्हणवत नाही; त्याचे बातमीदार वाड्यात होते. तरी कंपनी सरकारने अप्पासाहेबांना राजा म्हणून मान्यता दिली, कारण तेच तैनाती फौजेचे यजमान होते. खुनाचा आरोप पुढे आला तो १८१८ साली, अप्पासाहेब इंग्रजांशी लढल्यानंतर. तेव्हा साक्षी निघाल्या आणि राजाचा गळा दाबला गेला असे ठरले.

आता याचा अर्थ काय घ्यावा? साक्षी गरजेच्या वेळी निघाल्या म्हणून खून झालाच नाही असे ठरत नाही. ज्याने धर्माजीला मारविले, त्याला परसोजीला मारविणे अशक्य नव्हते. आणि परसोजीच्या मृत्यूचा लाभ एकट्या अप्पासाहेबांना होता. तसेच, ज्यांनी वर्षभर त्या मृत्यूकडे डोळेझाक केली त्यांना न्यायाधीशाच्या आसनावर बसण्याचा अधिकार राहत नाही. मला अप्पासाहेब या बाबतीत निर्दोष वाटत नाहीत. पण जेंकिन्सने त्यांना खुनासाठी गादीवरून काढले असे जे कधीकधी लिहिले जाते ते वाचून हसू येते.

गादीवर बसल्यावर लवकरच अप्पासाहेबांना कळले की आपण काय केले आहे. साडेसात लाखांचा बोजा राज्याला पेलत नव्हता. तह हलका करावा म्हणून त्यांनी खटपट केली, ती सिद्धीस गेली नाही. पुण्यात दुसऱ्या बाजीराव पेशव्याचीही हीच गत होती, आणि दोघांत गुप्त पत्रव्यवहार सुरू झाला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्याचे सैन्य खडकीला इंग्रजांवर तुटून पडले. २४ नोव्हेंबरला अप्पासाहेबांनी भर दरबारात पेशव्याने पाठविलेली खिलत आणि सेनापती ही पदवी स्वीकारली, व त्या समारंभाचे निमंत्रण जेंकिन्सलाही पाठविले. तो आला नाही. पेशव्याशी इंग्रजांचे युद्ध चालू असता त्याची पदवी घेणे म्हणजे काय हे सर्वांना समजत होते. जेंकिन्सने आपले सैन्य सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर आणून बसविले.

सीताबर्डीची लढाई २६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सुरू झाली, रात्रभर चालली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी संपली. इंग्रजांकडे सुमारे दीड हजार माणसे. मद्रासचे पायदळ, बंगालचे थोडे घोडदळ. नागपूरचे सैन्य त्याच्या दहापटीहून अधिक, आणि त्यात सर्वांत कडवे ते अरब शिपाई. सकाळी अरबांनी लहान टेकडी जिंकली आणि तिच्यावरून मोठ्या टेकडीवर मारा सुरू केला. विजय जवळजवळ हातात होता. तेवढ्यात कॅप्टन फिट्झजेरल्डच्या घोडदळाने खाली मैदानात हल्ला चढविला, इंग्रजांच्या पायदळाने लहान टेकडी परत घेतली, आणि नागपूरची फौज मागे हटली. इंग्रजांकडील मेलेले व जखमी मिळून ३६७ झाले, म्हणजे चौघांत एक. दोन्ही बाजूंनी पडलेले बहुतेक आपल्याच देशातील गरीब शिपाई होते हे सहसा कोणी लिहीत नाही.

आणि अप्पासाहेब? ते टेकडीवर नव्हते. लढाई हरल्यावर त्यांनी जेंकिन्सकडे वकील पाठवून कळविले की हे आपल्या हुकमाने झाले नाही, सैन्य आपल्या आवाक्याबाहेर गेले. जिंकले असते तर तो हुकूम त्यांचाच ठरला असता. हाच त्यांचा खरा दोष, आणि तो भित्रेपणाहून वेगळा आहे. पुढे त्यांनी जे हालअपेष्टांचे दिवस काढले ते भित्र्या माणसाचे नव्हेत. दोष असा की प्रत्येक वेळी त्यांनी दोन दगडांवर पाय ठेवला. इंग्रजांशी तह केला तो रात्री, पेशव्याशी संधान बांधले ते चोरून. लढाई केली ती अशी की हरल्यास नाकारता यावी. आपल्या कृत्याच्या मागे उभे राहणे त्यांना जमले नाही.

डिसेंबरच्या पंधरवड्यात हे सर्वांत उघडे पडले. इंग्रजांच्या कुमकेस एकामागून एक पलटणी येत गेल्या. १२ डिसेंबरला जनरल डव्हटन मोठे सैन्य घेऊन पोहोचला. १५ तारखेस जेंकिन्सने अटी कळविल्या : तोफा द्याव्या, अरबांना रजा द्यावी, शहर हवाली करावे आणि राजाने स्वतः इंग्रजांच्या स्वाधीन व्हावे, उत्तर दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत. त्या रात्री वाड्यात काय चालले असेल याची कल्पनाच करावी. सरदार गणपतराव सुभेदार आणि मनभट लढाईच्या बाजूचे होते. अरब शिपाई तर पगारी परदेशी. त्यांना पाय काढून घेणे सोपे होते, पण ते लढायला तयार होते. १६ डिसेंबरच्या सकाळी अप्पासाहेब थोड्या लोकांनिशी निघाले आणि इंग्रजांच्या छावणीत दाखल झाले.

त्यांच्यामागे त्यांचे सैन्य लढले. सक्करदऱ्याच्या बाजूला त्याच दिवशी मोठी लढाई झाली आणि ती हरल्यावर अरब शहरात व वाड्यात शिरून बसले. २४ डिसेंबरला इंग्रजांनी शहरावर हल्ला केला तो त्यांनी परतविला. शेवटी ३० डिसेंबरला सन्मानाच्या अटींवर ते बाहेर पडले. राजा छावणीत बसलेला आणि त्याचे भाडोत्री शिपाई त्याच्या वाड्यासाठी पंधरा दिवस झुंजत आहेत, असे दृश्य नागपूरने पाहिले.

अशा राजाची आठवण आपल्या वाचकांना पवित्र शास्त्रात सहज होईल. यरुशलेमेचा सिद्कीया राजा नबुखद्नेस्सराने गादीवर बसविलेला. त्याने देवाची शपथ वाहिली, ती मोडली, लढाई ओढवून घेतली आणि रात्रीच्या वेळी तटाच्या वाटेने पळाला. शौलाचे चरित्र याहून खोल आहे. तो निवडलेला, देखणा, सुरुवातीस नम्र; पुढे संशयाने ग्रासलेला, निरपराध्यांच्या रक्ताने हात भरलेला. तरी गिलबोवाच्या डोंगरावर तो पडला तेव्हा त्याच्यासाठी शोक केला तो ज्याला त्याने रानोरान पळविले त्या दाविदाने. रंगभूमीकडे पाहावयाचे तर सौंसरहून नागपूरच्या वाटेवर जे सावनेर लागते तेथे १९१९ साली राम गणेश गडकरी वारले. त्यांच्या 'एकच प्याला'तील सुधाकर आपल्या हाताने आपले घर बुडवितो, आणि प्रेक्षक त्याच्यावर रागावतात आणि त्याच्यासाठी रडतातही. एकाच माणसाविषयी या दोन्ही भावना खऱ्या असू शकतात.

६ जानेवारी १८१८ च्या करारान्वये अप्पासाहेबांना गादी परत मिळाली, पण कारभार रेसिडेंटच्या हाती गेला. नर्मदेकडचा प्रांत, वऱ्हाडचा उरलेला भाग आणि गाविलगडही गेला. घाटावरचा मुलूख आणि घाटाखालचा मुलूख येथे वेगळे झाले. त्यानंतरही अप्पासाहेबांनी पेशव्याशी आणि डोंगरातील गोंड सरदारांशी संधान ठेवले. पेशव्याने चांद्याकडे यावे असा बेत होता. १५ मार्चला जेंकिन्सने त्यांना वाड्यातून अटक केली. अलाहाबादेच्या किल्ल्यात ठेवण्यासाठी ३ मे रोजी त्यांना पहाऱ्यात रवाना करण्यात आले.

येथून या चरित्राचा सूर बदलतो. जबलपूरजवळ रायचूर नावाच्या मुक्कामी १३ मेच्या रात्री अप्पासाहेब पहाऱ्यावरील काही शिपायांनाच फितवून, शिपायाचा वेष घेऊन निसटले. बिछान्यावर उशी ठेवली होती आणि दोन चाकर ती चेपीत बसले होते. अधिकारी डोकावला, राजाचे पाय चेपले जात आहेत असे पाहून निश्चिंत मनाने परतला. सकाळ होईपर्यंत राजा बराच लांब गेला होता.

ते गेले हर्रईकडे. आजच्या छिंदवाडा जिल्ह्यातील या डोंगराळ जहागिरीतील गोंड सरदार चैनशहा याने त्यांना आश्रय दिला आणि पुढे महादेवाच्या डोंगरात, पचमढीच्या आसपास, त्यांचा तळ पडला. या आश्रयाचे मोल नीट ध्यानात घ्यावे. छिंदवाड्यापासून जवळ असलेले देवगड हे गोंडांचे राज्य होते. नागपूर शहर वसविले तेच देवगडच्या बख्तबुलंद राजाने. त्याच्या वंशजांचे राज्य अठराव्या शतकाच्या मध्यास पहिल्या रघूजी भोसल्याने गिळले आणि गोंड राजाला नागपुरात नुसता मान देऊन बसविले. म्हणजे ज्या घराण्याने गोंडांचे राज्य घेतले, त्याचाच पदच्युत वारस जीव वाचविण्यासाठी गोंडांच्या दारी आला होता. इंग्रजांनी त्याला पकडून देणाऱ्यास लाखाच्या घरातले इनाम आणि वर जहागीर जाहीर केली. डोंगरात राहणाऱ्या, कोदो-कुटकीवर दिवस काढणाऱ्या लोकांना ती रक्कम काय वाटली असेल! सप्टेंबर आला, दिवाळी झाली, हिवाळा लागला; कोणी त्याला पकडून दिले नाही.

उलट त्याच्यासाठी ते लढले. गोंड, अरब आणि पांगलेले पेंढारी असे मिळून त्यांनी घाटावरचा मुलूख पेटविला. जुलै १८१८ मध्ये होशंगाबादहून कॅप्टन स्पार्क्स शंभराच्या आसपास शिपाई घेऊन त्यांच्यावर आला. मुलताई-बैतूलच्या मुलखात त्याची गाठ कितीतरी मोठ्या जमावाशी पडली. काडतुसे संपेपर्यंत त्याचे शिपाई लढले आणि कॅप्टनसह जवळजवळ सर्व मारले गेले. मुलताई बंडवाल्यांच्या हाती पडली. इंग्रजांनी पुन्हा फौजा पाठविल्या, ऑगस्टमध्ये मुलताई परत घेतली आणि पावसाळा सरल्यावर चारी बाजूंनी डोंगर वेढण्यास सुरुवात केली. चैनशहा पकडला गेला. त्याच्याबरोबर किती गोंड गेले त्यांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. लिहिणारे सर्व दुसऱ्या बाजूचे होते.

मला कोणी विचारले की या गोष्टीत वीर कोण, तर मी प्रथम या डोंगरातल्या माणसांकडे बोट दाखवीन, आणि नंतर नागपूरच्या वाड्यातील अरबांकडे. मग अप्पासाहेब कोण? मला वाटते, त्यांनी एकदा आपल्या हाताने विकले ते पुन्हा मिळविण्यासाठी ते धडपडले, आणि त्या धडपडीची किंमत प्रत्येक वेळी दुसऱ्यांनी भरली. धर्माजीला मारविणे आणि परसोजीच्या मृत्यूची छाया ही त्यांच्या माथ्यावरून पुसता येत नाही. पण खलनायक म्हणून त्यांची बोळवण करणेही न्यायाचे नाही, कारण खलनायकाला आपल्या कृत्याचा उबग येत नाही. अप्पासाहेबांना आला. १८१७ च्या नोव्हेंबरात त्यांना इंग्रजांच्या छत्राखाली सुखाने राज्य करता आले असते. बाकाबाई निष्प्रभ झाली होती, प्रतिस्पर्धी उरला नव्हता. नुसते गप्प बसले असते तर म्हातारपणी वाड्यात मेले असते. ज्या तहाने ते राजे झाले, तोच तह मोडायला ते उठले. मोडण्याची रीत वाईट होती. मोडावासा वाटणे वाईट होते असे मला म्हणता येत नाही.

त्यांची बदनामी कोणी केली हेही पाहावे. वादी जेंकिन्स, न्यायाधीश जेंकिन्स, आणि नागपूर राज्याचा जो मोठा अहवाल १८२७ साली छापला गेला त्याचा लेखकही जेंकिन्स. पुढे तो लंडनमध्ये कंपनीच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष झाला. अहवालात शेतसारा, पिके, जातीजमाती यांची माहिती मोठ्या मेहनतीने दिली आहे, हे मान्य केले पाहिजे. पण जो पक्षकार आहे त्याच्या लेखणीने काढलेले चित्र आपण तसेच भिंतीवर लावू नये. स्वातंत्र्यानंतर काहींनी याच चित्राला उलट रंग दिला आणि सीताबर्डीपासून थेट १८५७ पर्यंत सरळ रेघ ओढली. त्या रेघेत धर्माजी बसत नाही, २७ मेची रात्र बसत नाही आणि १६ डिसेंबरची सकाळही बसत नाही, म्हणून ती वगळली जातात.

फेब्रुवारी १८१९ मध्ये अप्पासाहेब डोंगर सोडून निघाले. बरोबर पेंढाऱ्यांचा पुढारी चितू होता. इंग्रजांच्या तुकड्यांतून वाट काढीत ते बुऱ्हाणपूरजवळच्या अशीरगडापर्यंत पोहोचले. चितू रानात एकटा पडला आणि वाघाने त्याला खाल्ले. अशीरगडचा किल्लेदार जसवंतराव लाड हा शिंद्यांचा नोकर. त्याने अप्पासाहेबांना थारा दिला, आणि त्यापायी किल्लाच गेला. इंग्रजांनी वेढा घालून ९ एप्रिल १८१९ रोजी अशीरगड घेतला. आत शिरून पाहतात तो अप्पासाहेब नाहीत. गोसाव्याच्या वेषात ते कधीच निघून गेले होते.

यापुढे वीस वर्षांहून अधिक काळ हा माणूस भटकत राहिला. लाहोरला रणजितसिंगाच्या राज्यात गेला. रणजितसिंगाला इंग्रजांशी बिघडवावयाचे नव्हते, तेथे निभाव लागला नाही. हिमालयाच्या पायथ्याशी मंडी संस्थानात काही वर्षे काढली. याच काळात बाजीराव पेशवा, ज्याच्या भरवशावर अप्पासाहेबांनी खिलत घेतली होती, तो जून १८१८ मध्ये इंग्रजांच्या स्वाधीन होऊन, सालाना आठ लाखांची पेन्शन घेऊन बिठूरला गंगाकाठी राहत होता व १८५१ पर्यंत राहिला. अप्पासाहेबांना तशी तडजोड साधता आली असती की नाही कोण जाणे. आठ लाख मिळाले नसते, पण हातकड्या सुटून थोडीबहुत नेमणूक मिळाली असती. तिकडे ते वळले नाहीत. डिसेंबर १८१७ मध्ये ज्या छावणीत ते आपल्या पायांनी गेले, तिच्यात पुन्हा त्यांनी कधी पाऊल ठेवले नाही.

नागपूरला २६ जून १८१८ रोजी बाकाबाईच्या पक्षाचा, रघूजींच्या मुलीचा मुलगा बाजीबा, तिसरा रघूजी म्हणून गादीवर बसला. वय दहाच्या आसपास. १८२६ पर्यंत राज्य प्रत्यक्षात जेंकिन्सने चालविले. बाकाबाई शेवटपर्यंत इंग्रजांशी एकनिष्ठ राहिली. १८५७ च्या बंडातही तिने आपल्या माणसांना गप्प बसविले. पण तिसरा रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारला, आणि पुढल्या वर्षी डलहौसीने पांढुर्णा-सौंसरसह सारे राज्य खालसा केले. वाड्यातील जडजवाहीर आणि हत्तीघोडे लिलावात काढले गेले, आणि ते बाकाबाईने जिवंतपणी पाहिले. एकनिष्ठेचे फळ आणि बंडाचे फळ यांत शेवटी फारसा फरक पडला नाही.

अप्पासाहेब ते पाहायला नव्हते. मंडीहून निघून ते जोधपूरला आले होते. तेथला राजा मानसिंग नाथपंथी जोग्यांचा भक्त. शहराबाहेर त्याने नाथांसाठी महामंदिर बांधले होते, आणि तेथे आलेल्या शरणागताला बाहेर ओढून काढणे त्याच्या दृष्टीने पाप होते. इंग्रजांनी अप्पासाहेबांची मागणी केली. मानसिंगाने नकार दिला. फौजेची भीती असताही तो ढळला नाही, आणि शेवटी हा माणूस पुन्हा उपद्रव देणार नाही याची जबाबदारी त्याने स्वतःवर घेतली, तेव्हा कंपनी सरकारनेही विषय सोडून दिला. चैनशहा, जसवंतराव लाड आणि आता मानसिंग. ज्यांच्याशी अप्पासाहेबांचे कसलेही नाते नव्हते अशा तिघांनी त्यांच्यासाठी आपले सर्वस्व किंवा काही भाग पणाला लावला. त्यांना या माणसात काय दिसले असेल याचा विचार मी पुष्कळदा करतो. कदाचित काहीच दिसले नसेल. दारी आलेला माणूस एवढेच दिसले असेल.

१८४० साली जोधपुरास अप्पासाहेब वारले. वय चव्वेचाळीस. त्यातले राजेपण जेमतेम वर्षभराचे, आणि परमुलखात काढलेली वर्षे एकवीस.